पावसानं नेलेलं अर्धं वाक्य

उत्तर द्यायची राहिलेली पत्रं मी शब्दकोशात ठेवतो. योग्य शब्द सापडला की पत्र आणि शब्द एकाच जागी असावेत, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. अडचण एवढीच, की माझ्या शब्दकोशाची पाठ आता वाकली आहे आणि आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं की ते पुस्तक पावसात भिजून फुगलं असावं.

तोरिकाचं पत्र त्यात सगळ्यात वर होतं. तोरिका माझ्या बहिणीची मुलगी. शाळेसाठी आमच्याकडे राहिली, आमच्याच घरून लग्न करून गेली. आता नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात काल्गूर्लीला असते. तिकडे सोन्याच्या खाणी आहेत आणि पाऊस पडला तर लोक घराबाहेर येऊन फोटो काढतात, असं ती सांगते. आमच्या तावेउनी बेटाच्या या बाजूला, म्हणजे वाइसीली गावात, ऊन पडलं तर काढतात.

पत्र छोटं होतं. मुलगा झाला. गोरागोमटा नाही, छान काळासावळा आहे. रडायच्या आधी थोडा वेळ विचार करतो, असं दवाखान्यातली नर्स म्हणाली. ‘म्हणून मामा, त्याला तुमचं नाव द्यावं असं आम्हा दोघांच्या मनात आहे. तुमची परवानगी असेल तरच.’

या शेवटच्या चार शब्दांनी माझी झोप उडवली. कारण आमच्याकडे भाचरांना मामाची परवानगी लागत नाही. भाचा किंवा भाची मामाच्या घरात शिरते, डोळ्यांत भरेल ते उचलते आणि चालू लागते. डुक्कर असो, होडी असो, नवी चटई असो, मामानं फक्त हसायचं. तोरिकानं आजवर माझं मनगटी घड्याळ, रेडिओ आणि एक अंड्यावर बसलेली कोंबडी नेली आहे. तिन्ही वेळा विचारलं नव्हतं. या वेळी मात्र विचारलं.

आणि नाव म्हणजे कोंबडी नव्हे. ज्याचं नाव आपलं, तो आपला याधा. एकदा याधा झाला की जन्मभराचं नातं, सख्ख्यापेक्षा जवळचं. तो मला ‘याधा’ म्हणणार, मी त्याला ‘याधा’ म्हणणार, आणि ज्याचं नाव घेतलं त्याचा स्वभावही पोराच्या अंगात येतो, अशी आमच्या सगळ्या म्हाताऱ्यांची खात्री. तिथंच माझं अडलं. मी पस्तीस वर्षं शाळामास्तर होतो, पण सकाळच्या प्रार्थनेनंतर दोन वाक्यं बोलायची तर आदल्या रात्री मला ताप यायचा. कुणाच्या दारात गेलो तर हाक मारावी की थोडं थांबावं याचा विचार करता करता कित्येकदा परत आलो आहे. हे सगळं एका निरपराध बाळाच्या अंगात सोडायचं? वाळवंटात का होईना, ते सुखात होतं.

दुसऱ्या बाजूनं, आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे हे नाव कुणी घेणार नव्हतं. ते पत्र वाचल्यावर मी परसात जाऊन अळूच्या वाफ्यात उभा राहिलो, एकटाच, आणि ‘लिवाई’ असं हळूच म्हणून पाहिलं. कुणाला तरी हाक मारल्यासारखं. बरं वाटलं. पण बरं वाटणं हे काही उत्तर नव्हे.

असे बरेच दिवस गेल्यावर माझी बायको उनाइसी म्हणाली, “मास्तर, तुम्हाला पत्र लिहायला जमत नाही, तर पोराचं तोंड बघून बोला. तोंड बघितलं की शब्द आपोआप येतो.” गावातले सगळे मला मास्तर म्हणतात म्हणून तीही म्हणते. फक्त तिच्या तोंडी तो शब्द शिक्षा झाल्यासारखा वाटतो.

तोंड बघायचं म्हणजे इंटरनेट हवं. डोंगराच्या या बाजूला मोबाइल फक्त चर्चमागच्या टेकाडावर एका दगडावर उभं राहिलं तर लागतो, आणि तोही ‘हॅलो’ म्हणेपर्यंत. तेव्हा उपग्रहाची ताटली बसवायची असं ठरलं. मी ठरवलं असं म्हणणं धाडसाचं होईल. ठरलं, आणि मी हजर होतो.

राजधानी सुवातल्या कंपनीनं अर्ज पाठवला. त्यात घराचा क्रमांक आणि रस्त्याचं नाव विचारलं होतं. आमच्या गावात रस्ते नाहीत, हिरवळ आहे. मी लिहिलं, ‘चर्चकडून येताना नीरफणसाच्या जुन्या झाडापाशी.’ पुढे विचारलं होतं, ‘वापराचा हेतू.’ इथं मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘एका बालकाशी परिचय.’ त्यावरून कंपनीनं माझा अर्ज बालआरोग्याच्या खणात टाकला आणि दवाखान्याचं पत्र मागितलं. इथल्या दवाखान्यातल्या नर्सनं मला आधी तपासलं, मग वजन केलं, मग पत्र दिलं. त्यात ‘सदर बालकाची प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे’ असं होतं. कंपनीला ते पुरलं.

मग एमोसी आला. एमोसी म्हणजे कंपनीचा तंत्रज्ञ. नावेतून उतरतानाच त्यानं आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि आमच्या लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पाहून मी टोपी घट्ट दाबून धरली. त्याच्या गावाचं आणि आमच्या गावाचं पूर्वापार थट्टेचं नातं. दोन्ही गावांनी एकमेकांना वाटेल ते बोलायचं, एकमेकांचं वाटेल ते न्यायचं आणि कुणी रागवायचं नाही. एमोसीनं किनाऱ्यावर पाऊल ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. आमच्या बायकांनी त्याची स्क्रूड्रायव्हरची पेटी लपवली. तो म्हणाला, “तुमच्या गावात उपग्रह दिसेल याची मला खात्री नाही. तुम्हाला समोरचं बेट दिसत नाही.” आमचा कारभारी रुपेनी म्हणाला, “तुमच्या गावात ताटली बसवली होती, तिच्यात तुम्ही मासे तळले असं ऐकलं.” मग पाहुण्याचं रीतसर स्वागत झालं, यांगोनाचं मूळ कुटून पाण्यात कालवलं, करवंट्या फिरल्या, टाळ्या झाल्या, जीभ जड झाली आणि त्या दिवशी ताटली खोक्यातच राहिली.

दुसऱ्या दिवशी एमोसी माझ्या छपरावर चढला. त्याबरोबर रुपेनी धावत आला. रुपेनी माझा विद्यार्थी. भूगोलात कच्चा होता, पण रीतीभातीत पक्का. त्यानं नम्रपणे सांगितलं की ताटली छपरावर बसली तर ती गावाच्या प्रमुखबाईंच्या घराच्या आढ्यापेक्षा उंच होईल, आणि प्रमुखबाईंपेक्षा उंच या गावात फक्त चर्चचा क्रूस आहे. एमोसीनं विचारलं, मग क्रूसाला बांधू का. यावर पाद्र्यांना बोलावणं गेलं. पाद्री म्हणाले की क्रूसाला विरोध नाही, पण वादळात ताटली उडाली तर क्रूसही जाईल, आणि तो नुकताच रंगवला आहे.

शेवटी प्रमुखबाईच काठी टेकत आल्या. वय झालेलं, पण आवाज असा की कोंबड्याही थांबतात. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे कशाला?”

मी सांगायला सुरुवात केली. मी म्हणालो की खरं तर मोठंसं कारण नाही, आणि या वयात असा खटाटोप शोभतो की नाही याबद्दल मला स्वतःलाच शंका आहे, तरीपण एका दृष्टीनं पाहता... तोवर उनाइसी म्हणाली, “तोरिकाचं बाळ बघायला.”

“मग जमिनीवर ठेव,” प्रमुखबाई म्हणाल्या. “बाळ बघायला खालीच बसतात.”

म्हणून ताटली स्वयंपाकघरामागच्या अळूच्या वाफ्यात बसली. आमच्या भागात उपग्रह जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे ताटली भिंतीसारखी उभी नसते, किंचित कललेली, आभाळाकडे तोंड करून पडलेली असते. पहिल्याच सरीत ती काठोकाठ भरली. त्यात बदकं उतरली. गावात बोलणं झालं की मास्तरांनी यांगोना कालवायला एवढं मोठं भांडं आणलं, पण अजून कुणाला बोलावलं नाही. एमोसीनं तळाशी एक भोक पाडलं, बदकांची क्षमा मागितली आणि मला बाजूला घेऊन बसला.

“मास्तर, आता नीट ऐका. ऊन असताना हे छान चालेल. पाऊस आला की जाईल.”

मी विचारलं की का.

तो म्हणाला, “उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर लांब आहे. एवढी वाट लहर सुखरूप येते. वर काहीच नाही, रिकामं आहे. मरते ती शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत, ढगापासून तुमच्या अळूपर्यंत. ही लहर असते बोटाच्या एका पेराएवढी. थंड देशात पाऊस भुरभुरतो, बारीक थेंब, तिला पत्ताही लागत नाही. आपला पाऊस ओततो, टपोरे थेंब. ते लहरीची ताकद पितात, उरलेली चारी दिशांना फेकतात. तुमच्यापर्यंत येतो तो नुसता गोंगाट.”

इतक्या लांबून यायचं आणि शेवटच्या टप्प्यात तोंड बंद व्हायचं. मला त्या लहरीबद्दल एकदम आपुलकी वाटली.

“मग यंत्र काय करतं?” मी विचारलं.

“शहाणं यंत्र आहे. पाऊस आला की कमी बोलतं. थोडकंच सांगतं आणि तेच पुन्हा पुन्हा सांगतं, म्हणजे निदान तेवढं तरी पोचावं. फारच ओतलं तर गप्प बसतं.” एवढं सांगून तो माझी टोपी, माझी छत्री आणि उनाइसीनं भाजलेलं अर्धं डुकराचं पिल्लू घेऊन नावेत बसला. बायकांनी त्याची पेटी परत दिली, पण आत खेकडे भरून.

बोलायचा रविवार ठरला. प्रार्थनेनंतरची वेळ. तोरिकानं कळवलं की पलीकडे सगळे जमतील, नवऱ्याचे आईवडीलसुद्धा, आणि मी होकार दिला तर तिथल्या तिथं बाळाला नावानं हाक मारतील. मी भाषण तयार केलं. तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा वाढलं.

आता मधे जे घडलं त्याचा दोष कुणाला द्यावा हे मला अजून कळत नाही. बहुधा मलाच. रुपेनीनं मला विचारलं होतं की एमोसी जाताना काय सांगून गेला. मी म्हणालो, पावसानं ताटलीचा आवाज जातो. हे खरं होतं. पण ढगापासून अळूपर्यंतची वाट वगैरे सांगायचं राहिलं, कारण तो घाईत होता आणि मला वाटलं, आता कशाला त्याला भूगोल.

शनिवारी संध्याकाळी मी परसात गेलो तर ताटलीवर छप्पर उभं होतं. चांगले बांबूचे खांब, चर्चच्या दुरुस्तीतून उरलेले नवेकोरे पत्रे, खाली चटया, खांबांना फुलं. अर्धा गाव घाम पुसत उभा. या गावात आलेला पाहुणा उन्हापावसात बसत नाही. प्रमुख येवोत, मंत्री येवोत, आधी मांडव पडतो मग माणूस बसतो. आणि ही तर पावसाला घाबरणारी, परगावाहून आलेली, बिचारी उघड्यावर बसलेली ताटली. रुपेनी म्हणाला, “मास्तर, आता ओतू दे कितीही.”

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. पत्र्याखाली उपग्रह दिसत नाही, हे मला माहीत होतं. निदान माहीत असल्यासारखं वाटत होतं. पण एवढी माणसं एवढ्या मायेनं राबलेली, आणि विज्ञानाचं माझं सगळं वाचन एका जुन्या, पानं गळालेल्या पुस्तकावर उभं. आपण कोण एवढे शहाणे, कदाचित पातळ पत्र्यातून जातही असेल. मी म्हणालो, “फार सुंदर झालंय.” आणि ते खरंच सुंदर झालं होतं.

रविवारी लख्ख ऊन. सगळं गाव धुतलेल्या कपड्यांत आमच्या पडवीत. लॅपटॉप शाळेचा, त्याच्यावर माळ. प्रमुखबाई मधोमध, मी त्यांच्या शेजारी, कोटात. वेळ झाली. पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागलं. ते फिरत राहिलं. पाद्र्यांनी एक लहान प्रार्थना केली. वर्तुळ फिरत राहिलं. पाद्र्यांनी मोठी प्रार्थना केली.

हिरवळीच्या कोपऱ्यावरचा दुकानदार बिसेसर, ज्याच्या आज्यानं उसाच्या मळ्यावर काम करायला इथं येताना बरोबर आणलेलं रामायण तो अजून वाचतो, तो म्हणाला की यंत्र बंद करून चालू करावं. केलं. कुणी म्हणालं, बदकाची हाय लागली. बदकाला आत घेतलं. मी घामानं भिजलो होतो. कोरड्या आभाळाखाली मी एकटाच ओला.

शेवटी मी प्रमुखबाईंच्या कानाशी म्हणालो, “मला वाटतं, म्हणजे माझी चूकही असेल, पण ते छप्पर...”

“काय छप्पर?”

“त्याला वर बघायचं असतं.”

प्रमुखबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सगळ्या शाळामास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांकडे कधी ना कधी पाहिलेलं असतं. “हे तू काल का नाही बोललास, लिवाई?”

मी म्हणालो की सुंदर दिसत होतं.

छप्पर उतरवायला वेळ लागला, कारण मायेनं बांधलेल्या गाठी सुटत नाहीत. फुलं जपून काढली. पत्रे एकेक करून निघाले, आणि डोंगरावरून ढगही एकेक करून उतरले. शेवटचा पत्रा निघाला आणि पडवीत एकच गलका झाला. मी धावत आलो. पडद्यावर तोरिका होती. तिच्या मांडीवर एक गोल चेहरा, कपाळाला आठी, माझ्याकडेच बघत. रडावं की नाही याचा विचार करत.

“मामा,” तोरिका म्हणाली, “हा बघा. बोला आता.”

मी भाषणाचा कागद उघडला. घरावर पहिले टपोरे थेंब वाजले.

माझी बोलण्याची एक पद्धत आहे. आधी सगळ्या शंका मांडायच्या, म्हणजे ऐकणाऱ्याची फसवणूक होत नाही. मग शेवटी मुख्य गोष्ट. शाळेत मी निबंध असेच लिहायला शिकवले. मी वाचू लागलो, “तोरिका, माझं आयुष्य साधं गेलं. धाडस म्हणून मी काही केलं नाही. बोलायच्या वेळी बोललो नाही. म्हणून माझ्यासारख्या माणसाचं नाव या बाळाला नको, असं मला...”

इथं पाऊस कोसळला. आमच्याकडे पाऊस येतो तेव्हा आधी समोरचं बेट दिसेनासं होतं, मग चर्च, मग अंगण. त्या दिवशी त्या क्रमात तोरिकाही दिसेनाशी झाली. आवाज तुटला, चित्र थबकलं. पडद्यावर फक्त बाळ राहिलं, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडलेलं, जांभई की रडं ते ठरायच्या आत गोठलेलं.

पुढचं मी बोलत राहिलो. कागद संपेपर्यंत. कुणीतरी ऐकत असेल असं वाटलं.

मग मी मागे पाहिलं तर पडवी रिकामी होती. सगळा गाव परसात. भर पावसात, रविवारच्या कपड्यांत, माणसं ताटलीभोवती कडं करून उभी होती आणि हातांनी तिच्यावर चटया धरल्या होत्या, छत्र्या धरल्या होत्या, केळीची पानं धरली होती. पत्रा चालत नाही म्हणून पत्रा सोडून सगळं. प्रमुखबाईंनी आपली स्वतःची छत्री ताटलीवर धरली होती आणि त्यांच्या पांढऱ्या केसांतून पाणी ओघळत होतं. बायकांनी भजन धरलं होतं. मी ओरडून सांगितलं की पाऊस इथला नाही, वरचा आहे, सगळ्या वाटेवर आहे. पावसात कुणाला ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल. कुणी हात खाली केला नाही.

चित्र परत आलं नाही. पण लॅपटॉप बंद करणं सगळ्यांच्या जिवावर आलं. पाहुण्याचा चेहरा समोर असताना उठून जायचं कसं? सगळे ओलेते पडवीत बसले, यांगोना कालवलं, पहिली करवंटी पडद्यासमोर ठेवून मग बाकीच्यांनी घेतली. बिसेसरनं त्या गोठलेल्या तोंडाला विचारलं, “काय रे, मामाआजोबांचं म्हणणं पटलं का?” सगळे हसले. मीही हसलो. मला तेव्हा माहीत नव्हतं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ताटली सुरू झाली आणि तोरिकाचा निरोप येऊन पडला. उनाइसीनं चष्मा लावून मोठ्यानं वाचला.

‘मामा, तुमचं नाव बाळाला नको, इथवर ऐकू आलं. मग तुम्ही गेलात. ठीक आहे, मी हट्ट करत नाही. पुढच्या महिन्यात इथं पाद्री येतील तेव्हा बाप्तिस्मा आहे, सासऱ्यांचं नाव ठेवू. तुमचं चुकलं असं नाही. पण मी तुम्हाला ओळखते असं मला वाटत होतं.’

उनाइसीनं चष्मा काढला. तिचा राग मोठा असला की आवाज लहान होतो. “पुढे काय होतं तुमच्या कागदावर?”

मी कागद दिला. तिनं वाचलं: ‘...असं मला आजवर वाटत आलं. पण तू विचारलंस त्या दिवसापासून मी रोज परसात जाऊन हे नाव घेतो, आणि ते माझ्यापेक्षा त्याला जास्त शोभतं. तेव्हा हो. हजार वेळा हो.’

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “मास्तर, हे ‘हो’ तुम्ही सगळ्यात खाली ठेवलंत.”

“निष्कर्ष शेवटी असतो.”

“इथं पाऊस असतो.”

मी ताबडतोब टंकायला बसलो. मी टंकतो एका बोटानं आणि लिहितो सविस्तर. गैरसमज कसा झाला, त्यात छपराचा वाटा किती, ढगाचा किती, थेंबाचं माप काय, असं करत मूळ मुद्द्याकडे येत होतो तोच डोंगरावर पुन्हा काळं झालं. वर्तुळ फिरू लागलं. टेकाडावरच्या दगडावर उभं राहून एमोसीला फोन लावला. तो म्हणाला की तारेच्या जोडात पाणी शिरलं असणार, पुढच्या नावेनं येतो. मग विचारलं, “किती लिहिलंय? ... मास्तर, पाऊस असताना यंत्रसुद्धा एवढं बोलत नाही.” पुढे तो खेकड्यांबद्दल काहीतरी म्हणत होता, पण फोन गेला.

उतरताना मी भिजलो, कारण छत्री त्याच्याकडे होती. घरी आलो, शब्दकोश उघडला, तोरिकाचं पत्र काढून समोर ठेवलं. विचारणा कागदावर आली होती. उत्तरही कागदावरच जायला हवं होतं. कोरा कागद घेतला आणि सुरुवात केली, ‘चि. तोरिका, तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले, उत्तरास विलंब झाला त्याची कारणं अशी...’

उनाइसीनं माझ्या खांद्यावरून हात घालून तो कागद काढून घेतला, चुलीत घातला आणि दुसरा ठेवला. तिथंच उभी राहिली.

मी लिहिलं, ‘हो.’

मग ती चहा करायला गेली, आणि पुढची तीन पानं मी माझ्या पद्धतीनं लिहिली. त्यात थेंबाचं मापही आलं.

पाकिटाशी मात्र मी अडलो. पत्र कुठे भिजेल, कुठे फाटेल, आतला कागद कुणी उघडेल न उघडेल. शेवटच्या टप्प्यात काय होतं याचा मला आता अनुभव होता. मी बराच वेळ विचार केला, आणि मग पत्ता लिहिला.

ट्रकनं वाइयेवोच्या पोस्टात जायला सकाळ गेली, कारण मधल्या ओढ्याला पाणी होतं आणि ट्रकमधले सगळे उतरून, ट्रकवाल्याला त्याच्या खानदानासकट नावं ठेवून, पुन्हा चढले. पत्र मी पावाच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत धरलं होतं. खिडकीशी बसलेली बाई माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनं पाकीट घेतलं, पुढून पाहिलं, उलटून मागून पाहिलं आणि आवाज खाली आणला. आजूबाजूला माणसं होती, मास्तरांची लाज राखायला हवी होती.

“मास्तर, गडबड झाली बहुतेक. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे, लिवाई. आणि ज्याला पाठवायचं तिथंही तुमचंच लिहिलंय. लिवाई, द्वारा तोरिका, काल्गूर्ली.”

मागे रांग होती. बाहेर पाऊस सुरू झाला होता, पत्र्यावर असा वाजत होता की मला नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलावं लागलं, आणि सगळ्या पोस्टानं ऐकलं.

“गडबड नाही. तो माझा याधा आहे.”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पाकिटावर शिक्का मारला आणि ते थैलीत टाकलं.